जुनी लिवा घेऊ का? घरात सगळे 'टॅक्सी' म्हणायला लागलेत

गारगोटीचा_पाव्हणा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून तोंड उघडतोय.

राहायला फुलेवाडीत, नोकरी गोकुळ शिरगावला. जाऊन-येऊन रोजचे पंचवीसेक किलोमीटर. शिवाय दर रविवारी आई-वडिलांना घेऊन गावाकडं, गारगोटीच्या पलीकडं. वडिलांचे गुडघे गेलेत. एसटीत चालक होते, तीस वर्षं क्लच दाबून निवृत्त झाले. आता दुचाकीवर मागं बसवत नाही आणि एसटीत उभं राहवत नाही, म्हणून गाडी.

बजेट तीन लाख, त्यातच नाव ट्रान्सफर, विमा आणि टायर बसले पाहिजेत. स्विफ्ट बघितल्या. माझ्या पैशात ज्या येतात त्या बघवत नाहीत आणि ज्या बघवतात त्या पैशात बसत नाहीत. मग जुन्या गाड्या विकणाऱ्या एका कन्सल्टंटकडं टोयोटाची इटिऑस लिवा दिसली. २०१३ ची, पेट्रोल, जी मॉडेल, रनिंग ६२ हजार, सेकंड ओनर, पांढरी. सांगतोय २ लाख ६० हजार. त्याच वर्षाच्या स्विफ्टपेक्षा लाखभर कमी. चालवून बघितली, मला तरी आवडली.

घरी फोटो दाखवला तर बायको म्हणाली, "ही टॅक्सी आहे. आणि मीटर मधेच का?" मेव्हण्यानं विचारलं, "विमानतळाचं भाडं धरणार काय?" वडील एकटेच काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बोनेटचा फोटो मागितला.

स्वस्त का आहे हे मला कळत नाही. गाडीत खोट आहे की लोकांच्या नजरेत? वापरणाऱ्यांनी सांगावं.

---

बोका | रविवार, रात्री ९:४६

लिवा म्हणजे आमच्याकडं 'लिहा'. गाडी घेताय का पाटी-पेन्सिल?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

तिसरा_गिअर | रविवार, रात्री १०:१५

लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

लिवा भारतात आली जून २०११ मध्ये. तिची डिकीवाली बहीण इटिऑस त्याआधी, डिसेंबर २०१० ला. दोन्ही बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातल्या. इथून दक्षिण आफ्रिकेलाही जायच्या. एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा नवा बीएस-६ नियम आला, तेव्हा कंपनीनं दोन्ही बंद केल्या.

पेट्रोलचं इंजिन ११९७ सीसी, चार सिलिंडर, ८० पीएस. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. फक्त ऑइल वेळेवर बदललेलं हवं. ऑइलकडं दुर्लक्ष झालं की चेनच आधी कुरकुरते. सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद कान लावा. खडखड आली की भाव पाडा किंवा गाडी सोडा. कन्सल्टंट लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतात, तेव्हा न सांगता सकाळी सात वाजता जा.

बाजारात ही गाडी का चालली नाही याचं उत्तर गाडीच्या पोटात नाही, अंगावर आहे. लोकांनी टोयोटा म्हणून कोरोलाची अपेक्षा केली आणि आत बघितलं तर साधं प्लास्टिक, मधोमध मीटर, समोरच्या काचेला एकच वायपर. दार लावलं तर भारदस्त 'धप्प' येत नाही. शोरूममध्ये गिऱ्हाईक पहिल्यांदा दारच लावून बघतं. तिथंच ही गाडी हरली. मग टॅक्सीवाल्यांनी उचलली आणि घरच्या वापराची माणसं आणखी लांब गेली.

आता जरा उलटं बघा. टॅक्सीवाला रंग बघून गाडी घेत नाही.

---

इचलकरंजीची_मास्तरीण | रविवार, रात्री १०:५०

माझी लिवा २०१४ ची आहे, डिझेल. शाळेमुळे इचलकरंजी-कोल्हापूर रोज. आत्ता १ लाख ४८ हजार झालेत.

क्लच एकदा बदलला. पुढचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश दोनदा बदलले, पण त्याला गाडी काय करणार, आमचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. बाकी तेल, फिल्टर, बॅटरी. मागच्या सीटवर आमच्या तीन शिक्षिका आरामात बसतात, त्यांत दोघी माझ्यासारख्या खात्यापित्या घरच्या. मागची जमीन जवळपास सपाट आहे, मधल्या माणसाचे पाय अडत नाहीत. वडिलांच्या गुडघ्यांसाठी हे मुद्दाम बघा. दार रुंद उघडतं, आधी बसून मग पाय आत घेता येतात.

वाईट काय? वेग वाढला की चाकांचा आवाज आत येतो. चार जण बसले आणि एसी लावला की चढाला पेट्रोल गाडी गिअर मागते (मैत्रिणीची पेट्रोल आहे, जोतिबाला जाताना बघितलंय). मागची सीट पाडायची तर अख्खी पडते, अर्धी पडत नाही. आणि मधल्या मीटरची सवय व्हायला आठवडा लागतो. पहिल्या आठवड्यात मी स्टिअरिंगच्या मागं बघायची आणि तिथं काळं प्लास्टिक.

टॅक्सी म्हणाल तर एकदा मध्यवर्ती स्टँडबाहेर थांबले होते. एक आजोबा मागचं दार उघडून बसले आणि म्हणाले, "रंकाळा." सोडलं. पैसे घेतले नाहीत, पण त्यांनी उतरताना एक पेरू दिला.

---

बोका | रविवार, रात्री १०:५३

पेरूवर जीएसटी भरला का?

---

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ८:०५

गाडी चांगली हाय, डोळं झाकून घ्या असं म्हणत न्हाई, पन डोळं उघडं ठेवून घ्या. माझं लेथचं काम, शेजारीच गॅरेज. तिथं रोज बघतोय. लिवा ओढून आणलेली क्वचित दिसती. येती ती सर्व्हिसिंगला, न्हाईतर कुनीतरी ठोकली म्हनून.

हेडगॅस्केट, गिअरबॉक्स असली कामं हिला कमी. कूलंट मात्र बघा. कंपनीचं लालसर असतंय. उघडून बघितलं आन् आत नुसतं नळाचं पानी दिसलं तर समजा, मालकानं बाकीचं पन असंच केलंय. रेडिएटर आतनं गंजतोय.

मेस्त्रीला शंभर-पाचशे द्या पन संगट न्या. आन् कन्सल्टंटच्याच वळखीचा मेस्त्री नको.

---

कोथरूड_डेपो | सोमवार, सकाळी ९:३०

अकरा-बारा वर्षं जुनी गाडी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत. १५ वर्षांनी भंगारात जाणार, म्हणजे तुम्ही फक्त तीन वर्षं विकत घेताय. डिझेल तर दहाच वर्षं. त्यापेक्षा कर्ज काढून नवी छोटी गाडी घ्या. शिस्त लागते.

---

तिसरा_गिअर | सोमवार, सकाळी ९:५२

@कोथरूड_डेपो, दहा आणि पंधरा वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडं लागू नाही. महाराष्ट्रात १५ वर्षांनी आरटीओत तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी ठीक असेल तर नोंदणी पाच वर्षं वाढते. खर्च आहे, कटकट आहे, पण भंगार नाही.

आणि डिझेल कशाला? पाव्हण्यांचा हिशेब केला. रोजचे पंचवीस, रविवारचे शंभर, वर्षाला बारा-साडेबारा हजार होतात. एवढ्यात पेट्रोलच बरं. इंजेक्टर-टर्बोच्या एका कामात डिझेलची वर्षभराची बचत जाते. मास्तरीणबाईंचं रनिंग जास्त आहे म्हणून त्यांना परवडतं.

---

न्यूजर्सीचा_बाब्या | सोमवार, सकाळी १०:१०

ईव्ही घ्या ना. मी इथे चार वर्षं वापरतोय. मेंटेनन्स शून्य.

---

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी १०:१४

तीन लाखात?

---

न्यूजर्सीचा_बाब्या | सोमवार, सकाळी १०:२०

अच्छा, तीन लाख *रुपये*. सॉरी.

---

बोका | सोमवार, सकाळी १०:२१

आजचा प्रतिसाद. धागा बंद करा आता.

---

निपाणीकर | सोमवार, दुपारी १:३०

आमच्या बाजूला, केए-२३ पासिंगची तीच गाडी तीस-चाळीस हजारांनी स्वस्त मिळेल. बरेच कोल्हापूरकर त्यासाठी येतात, पण पुढचा हिशेब करत नाहीत. कर्नाटकात टॅक्स आयुष्यभराचा भरलेला असला तरी महाराष्ट्रात वर्षभराच्या वर गाडी ठेवायची तर इथली एनओसी घ्या, तिथं परत टॅक्स भरा, नवा नंबर घ्या. इथला परतावा मागायचा तर चिकोडीला हेलपाटे. वाचलेले पैसे एजंट आणि चहात जातात.

घ्यायची तर कोल्हापूर पासिंगची, एमएच-०९ च घ्या. मी आमच्या गावचं नुकसान करून सांगतोय.

---

ऊसवाला | सोमवार, दुपारी ३:४५

सगळ्यांनी इंजिनचं सांगितलं, पेट्रोलचं कुणीच नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतंय. त्यासाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या. २०१३ च्या गाडीचं काय?

---

तिसरा_गिअर | सोमवार, दुपारी ४:३०

प्रश्न रास्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार, ते सगळ्यांचंच. जुन्या गाडीत काळजी रबराची. इंधनाचे पाइप, सील. इथेनॉल हवेतली ओल धरतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. गाडी घेतली की पहिल्याच सर्व्हिसिंगला पाइप बघून घ्या, फुगलेले किंवा चिरा पडलेले असले तर बदला. महाग काम नाही. रोज फिरणाऱ्या गाडीला मला फार भीती वाटत नाही.

---

ऊसवाला | सोमवार, दुपारी ४:४१

म्हणजे ऊस आमचा, तोड आमची, वजन त्यांचं, आणि इथेनॉल होऊन परत आमच्याच टाकीत, आमच्याच पैशानं. अ‍ॅव्हरेज कमी झालं तर कुणाकडं तक्रार करायची, स्वतःकडंच?

---

बोका | सोमवार, दुपारी ४:४४

पुढच्या हंगामात गाडीलाच कारखान्याचं सभासद करून घ्या.

---

(यानंतर ऊसदर, काटामारी आणि दूध संघ यांवर सतरा प्रतिसाद आले होते. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)

---

पाणी_आलं_ओ | सोमवार, रात्री १०:३०

धागा आत्ता वाचला. पाव्हणं, एक विचारू? ही २०१३ ची गाडी पहिल्या मालकाकडं कुठं उभी असायची?

---

गारगोटीचा_पाव्हणा | सोमवार, रात्री १०:३८

कन्सल्टंट म्हणाला, पहिले मालक नागाळा पार्कातले डॉक्टर. गाडी कायम बंगल्याच्या आवारात, उन्हात कधीच नाही.

---

बोका | सोमवार, रात्री १०:३९

कोल्हापुरात विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते. एवढे डॉक्टर आहेत तर ओपीडीत नंबर का लागत नाही?

---

पाणी_आलं_ओ | सोमवार, रात्री ११:२०

हसू नका, मुद्दा गंभीर आहे. रमणमळ्याच्या बाजूला आमचं घर. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची ४३ फुटांची रेघ कधीच मागं पडली होती. आम्ही वरच्या मजल्यावर आणि गाडी खाली. पाणी एवढं चढेल असं वाटलंच नाही. आदल्या रात्री चाक भिजत होतं, सकाळी उठून बघतो तर आरशांच्या वर पाणी. पाच दिवस गाडी तशीच. पाणी उतरल्यावर दार उघडलं, तर सीटवर बोटभर गाळ. मऊ, साबणासारखा, आणि त्यात एक जिवंत खेकडा.

विमा कंपनीनं टोटल लॉस धरला, पैसे दिले, गाडी उचलून नेली. मी विसरलो. सात-आठ महिन्यांनी एका जाहिरातीत माझीच गाडी. नंबर माझा, मागच्या काचेवर मुलीनं लावलेल्या स्टिकरची खूण तशीच. 'सिंगल हँड, शोरूम कंडिशन.' मी फोन केला, त्याला म्हणालो, अहो, ही पुरातली आहे. तो म्हणाला, "पुरातली नाही साहेब, धुतलेली आहे."

२०२१ च्या जुलैला परत तेच. तेव्हा कोल्हापुरात या वर्षांच्या आधीची गाडी घेताना किलोमीटर नंतर विचारा. आधी विचारा, त्या दोन पुरांत गाडी कुठं उभी होती. डॉक्टर खरेच असतील, बंगलाही खरा असेल. पण बंगल्याचं आवार नदीच्या कुठल्या अंगाला?

बघायचं कसं ते सांगतो.

सीटबेल्ट. सगळे, मागचेसुद्धा. पूर्ण ओढायचे, अगदी अडकेपर्यंत. गाडी धुणारा सीट धुतो, कार्पेट बदलतो, वास घालवायला कापूर ठेवतो, पण गुंडाळीतला शेवटचा पट्टा कोण बाहेर काढणार? तिथं गाळाची रेघ राहते. दुसरं, पुढच्या सीटखाली हात घालून रुळाचे बोल्ट चाचपा. गंज बोटाला लागतो. डिकीतली स्टेपनी काढा, खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात नख फिरवा. रात्री हेडलाइट लावून आत बघा, काचेच्या आतल्या बाजूला आडवी पुसट रेघ दिसते का.

एअरबॅगवाली गाडी असेल तर चावी फिरवल्यावर मीटरमधला एअरबॅगचा दिवा आधी लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम काढलाय. एअरबॅगच्या कंट्रोलची पेटी खाली, मधल्या भागात जमिनीलगत असते आणि पाणी आधी तिथंच जातं.

---

तिसरा_गिअर | सोमवार, रात्री ११:४८

साष्टांग. माझ्या चेन-बेल्टवर पाणी पडलं.

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर एक राहिलं होतं. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत लिवाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे आहेत, पण तपासलेली गाडी एअरबॅगवाली होती. २०१३ च्या साध्या जी मॉडेलमध्ये त्या असतीलच असं नाही. जीच्या पुढं एसपी लिहिलं असेल तर असतात. पुढं सगळ्याच मॉडेलांत आल्या. चार तारे आहेत म्हणून कन्सल्टंट सांगेल, तर स्टिअरिंगवरची अक्षरं आधी वाचा.

---

इचलकरंजीची_मास्तरीण | मंगळवार, सकाळी ७:१०

पाणी_आलं_ओ, खेकड्याचं पुढं काय झालं?

---

पाणी_आलं_ओ | मंगळवार, सकाळी ७:३०

विम्यात बसला नाही.

---

स्कॉर्पिओ_शिवाय_नाय | मंगळवार, दुपारी १२:१५

येवढं काय डोकं लावताय? कोल्हापुरात गाडी म्हंजे स्कॉर्पिओ. जुनी घ्या, काळी घ्या, पन तीच घ्या. लिवा घिऊन लग्नाला गेला तर पार्किंगवाला मागं लावाय सांगतोय.

---

गारगोटीचा_पाव्हणा | मंगळवार, दुपारी १२:४०

मला गाडीत वडिलांना बसवायचंय हो, पार्किंगवाल्याला नाही. आणि स्कॉर्पिओची पायरी चढायची तर आधी त्यांचे गुडघे बदलावे लागतील.

@पाणी_आलं_ओ, रात्री झोप लागली नाही. शनिवारी जातो.

---

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १:०५

जाताना टायर बगा. कडेला चार आकडी नंबर असतोय. पयले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ६२ हजार रनिंग आन् टायर कंपनीचेच जुने असं म्हणत असल तर नंबर १२ न्हाईतर १३ चा पायजे. नवीन टायर असतील तर त्याचं कारण इचारा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय आन् मीटरवर साठ हजार, असं असलं तर मीटर मागं घेतलंय. मीटर खोटं बोलतंय, रबर बोलत न्हाई.

---

कोथरूड_डेपो | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

माझा मुद्दा कुणी खोडला नाही. नवी गाडी घेतली असती तर हे सीटबेल्ट ओढणं, टायर वाचणं काहीच करावं लागलं नसतं.

---

ऊसवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:३१

हप्ता ओढावा लागला असता.

---

गारगोटीचा_पाव्हणा | शनिवार, रात्री ८:५०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण उपयोग तुमच्यामुळं झाला.

सकाळी सव्वासातला पोचलो, मी, वडील आणि उद्यमनगरातले एक मेस्त्री. कन्सल्टंटचा पोरगा नुकताच शटर उघडत होता. इंजिन थंड. चालू केलं, एकदम गोड. चेनचा आवाज नाही, धूर नाही. कूलंट लालसर. टायर नवे, पण "मागच्या वर्षीच बदलले," म्हणाला आणि बिल दाखवलं. मेस्त्रींनी मान डोलावली. मी मनात पैसे मोजायला लागलो होतो.

वडील तोवर गाडीला वळसा घालून मागच्या सीटवर बसले होते. मला वाटलं, गुडघे दुखतायत म्हणून बसले. त्यांनी डावीकडचा बेल्ट धरला आणि हळूहळू ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत, मांडीवर गुंडाळी पडतेय. पोरगा म्हणाला, "आजोबा, मागं कुणी लावत नाही ओ बेल्ट." वडील काही बोलले नाहीत. पट्टा अडकला तेव्हा त्यांनी मला बोटानं बोलावलं.

शेवटचा वीतभर भाग तांबूस होता. बाकीचा पट्टा काळा, मऊ, आणि तेवढाच कडक, पापडासारखा. वडिलांनी अंगठ्याच्या नखानं खरवडलं तर पांढऱ्या धोतरावर बारीक भुकटी पडली. मग पुढचे बेल्ट बघितले. कोरे करकरीत. पट्ट्याच्या बुडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर वर्ष होतं २०२०. तेरा सालच्या गाडीला वीस सालचे बेल्ट.

पोराला विचारलं. तो म्हणाला, "मला काय माहीत नाही, शेठला विचारा." शेठ फोनवर म्हणाले, दहा हजार कमी करतो.

वडील उतरले, दार हळूच लावलं आणि म्हणाले, "गाडीची चूक न्हाई. पन ही नको."

---

पाणी_आलं_ओ | शनिवार, रात्री ९:०२

अंगावर काटा आला. तो गाळ मला वासानं ओळखता येईल.

---

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ९:१०

वडलांना नमस्कार सांगा. आमच्या मेस्त्रीला इंजिन दिसलं, त्यांना गाडी दिसली.

---

इचलकरंजीची_मास्तरीण | शनिवार, रात्री ९:३३

मॉडेल सोडू नका हं, ती एक गाडी सोडा. आजऱ्याकडं आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांची लिवा द्यायची आहे असं ऐकलंय. मुलगा नवी घेतोय. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

---

कोथरूड_डेपो | शनिवार, रात्री ९:५०

मी सांगितलंच होतं.

---

बोका | शनिवार, रात्री ९:५१

तुम्ही नवी गाडी सांगितली होती.

---

गारगोटीचा_पाव्हणा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:०५

घेतली. आजऱ्याच्या गुरुजींची. २०१४ ची, जी एसपी, पेट्रोल, ७१ हजार, पहिलेच मालक. २ लाख ५५ हजार. डावं मागचं दार खरचटलंय (गुरुजी म्हणाले, "ते मी. गोठ्याचा खांब."). सर्व्हिसिंगची सगळी बिलं एका जुन्या हजेरीपटात चिकटवलेली. पेट्रोल भरल्याची तारीख, लिटर आणि किलोमीटरसुद्धा लिहिलेले. इतक्या वर्षांचं अ‍ॅव्हरेज मला चहा यायच्या आत कळलं. गावात १३-१४, हायवेला १७ च्या पुढं.

सगळे बेल्ट ओढले. स्वच्छ. गुरुजींना आधी कळेना काय चाललंय, मग त्यांनीही एक ओढून बघितला.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, ट्रान्सफरला टाकलंय. विमा नावावर करून घेतला. गुरुजींचा नो क्लेम बोनस मला मिळत नाही, तो त्यांच्याकडंच राहतो, हे मला नवीन होतं. नवी सुरक्षा नंबर प्लेट त्यांनी आधीच बसवलेली. चारही टायर बदलले, इंधनाचे पाइप बघून घेतले. सगळं मिळून तीनच्या आत बसलं.

आज पहिला रविवार. आई मागं, वडील पुढं डावीकडं. बिद्रीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला म्हणून जरा दाबली, तर शेजारून घसा खाकरल्याचा आवाज. बघितलं तर वडील मीटरकडं बघतायत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीटर मधे आहे. जेवढं मला दिसतं तेवढंच त्यांना दिसतं. ६० च्या वर काटा गेला की एकदा खाकरतात, ७० ला दोनदा. येताना बायको पुढं बसली होती, ती तर आकडा मोठ्यानं वाचत होती.

---

बोका | रविवार, रात्री १०:०९

म्हणजे टॅक्सी नाहीच. एसटी घेतलीत.

---

इचलकरंजीची_मास्तरीण | रविवार, रात्री १०:१५

अभिनंदन! मीटरच्या तिकडच्या बाजूला काळं कापड लावता येतं, पण आमच्या सासूबाईंनी दोन दिवसांत काढलं.

---

अनोळखी_पाहुणा_४४ | सोमवार, सकाळी ६:५०

सर मला २०१२ ची अ‍ॅल्टो मिळते आहे सांगलीत, घेऊ का?

---

पाणी_आलं_ओ | सोमवार, सकाळी ७:०५

सांगलीत कुठं?